सिनेमातला चोर आणि देवळातली मूर्ती

आजचं बोलणं सिनेमावर आहे, त्यामुळे हातातलं काम चालू राहू द्या. शेंगा फोडा, गोधडीला टाके घाला आणि कान इकडे ठेवा.

टीव्हीवर 'धूम २' किती वेळा लागला असेल कोण जाणे. त्यात हृतिक रोशन मुंबईच्या संग्रहालयात पुतळ्याचं सोंग घेऊन उभा राहतो आणि रात्री हिरा उचलतो. चोरीच ती, पण आपण बघताना म्हणतो, "निसटू दे गं बाई एकदाचा!" घरातला गॅस सिलेंडर चोरीला गेला तर आपण चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि इथे चोर पळाला की टाळ्या वाजवतो. हे कसं होतं, असा प्रश्न आम्हाला पडला. म्हणून असे आणखी काही सिनेमे आम्ही मिळवून पाहिले. विशेषतः चित्रं, मूर्ती, जुन्या मौल्यवान वस्तू चोरण्याचे. आणि मग खऱ्या चोऱ्या कशा झाल्या तेही वाचलं. सिनेमा आणि खरं यांत एवढं अंतर निघालं की ते सांगितल्याशिवाय राहवेना. शिवाय ही गोष्ट शेवटी आपल्या गावच्या देवळापाशी येते.

आधी सिनेमाची मजा घेऊ.

१९६६ साली एक इंग्रजी सिनेमा आला, 'हाऊ टू स्टील अ मिलियन'. म्हणजे दहा लाख कसे चोरावेत. नायिका ऑड्री हेपबर्न, नायक पीटर ओटूल. गोष्ट पॅरिसची आहे. नायिकेचे वडील मोठे रसिक म्हणून मिरवतात, पण त्यांचा खरा धंदा म्हणजे नामवंत चित्रकारांच्या चित्रांच्या नकला करायच्या आणि अस्सल म्हणून विकायच्या. घरात एक छोटी संगमरवरी मूर्ती आहे. ती चारशे वर्षांपूर्वीच्या एका थोर कलावंताची म्हणून प्रसिद्ध. प्रत्यक्षात ती आजोबांनी घडवलेली आणि समोर नमुना म्हणून उभी राहिली होती आजी! वडील हौसेने ती मूर्ती संग्रहालयाला प्रदर्शनासाठी देतात. देताना विम्याच्या कागदावर सही करतात आणि मग कळतं की विम्यासाठी तज्ज्ञ येऊन मूर्ती तपासणार. तपासली की नकली ठरणार आणि वडील तुरुंगात. मग लेक काय करते? स्वतःच्याच घरची मूर्ती चोरायला निघते.

चोरीची युक्ती ऐका. दोघं संग्रहालयाच्या आवारात जिन्याखालच्या झाडू-बादल्यांच्या खोलीत लपून बसतात. मूर्तीभोवती न दिसणाऱ्या किरणांचं कुंपण आहे, ते तुटलं की भोंगा वाजतो. नायक फेकून परत येणारं लाकडी खेळणं त्या किरणांतून भिरकावतो. भोंगा वाजतो, पहारेकरी धावतात, पोलीस येतात. मूर्ती जागच्या जागी. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा धावपळ, पुन्हा काही नाही. शेजारच्या बड्या सरकारी घरातून झोपमोड झाल्याची तक्रार येते आणि पहारेकऱ्यांचा मुख्य वैतागून भोंगाच बंद करून टाकतो. 'लांडगा आला रे' सारखंच. मूर्ती बाहेर जाते ती फरशी पुसणाऱ्या बाईच्या बादलीतून. नायिका सफाईवाल्या बायकांत मिसळते, गुडघ्यावर बसून फरशी घासते आणि बादली उचलून चालू लागते. तिच्याकडे कोणी बघत नाही. फरशी पुसणाऱ्या बाईच्या तोंडाकडे कोण बघतं? हा सिनेमा हसवणारा आहे, पण हे दृश्य पाहताना आम्हाला थोडं टोचलंच.

२०१८ च्या 'ओशन्स एट' या सिनेमात तर हीच गोष्ट हत्यार म्हणून वापरली आहे. आठ बायकांची टोळी, न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात मोठी मेजवानी चालू असताना एका नटीच्या गळ्यातला हिऱ्यांचा हार लांबवते. टोळीची म्होरकी मुद्दाम पुरुष घेत नाही. तिचं म्हणणं असं की बाईकडे लक्षच जात नाही, आणि या वेळी आपल्याला तेच हवं आहे.

असे दहा सिनेमे पाहिले की त्यांचा साचा कळतो. आम्हाला तर तो लग्नघरासारखा वाटला. आधी कोणीतरी तारीख काढतं. मग माणसं जमवायची. आचारी कोण, मांडव कोणाचा, मानपान कोण बघणार. इथे तसंच, कुलपं उघडणारा एक, उंचावरून उतरणारा एक, यंत्रं कळणारा एक, गोड बोलून पहारेकऱ्याला गुंतवणारी एक. मग रंगीत तालीम. मग मुख्य दिवस, आणि त्या दिवशी काहीतरी बिघडतंच. लग्नात नाही का, ऐन वेळी आचाऱ्याचा पाय मुरगळतो!

१९६४ च्या 'टॉपकापी' सिनेमात अगदी असंच होतं. तुर्कस्तानातल्या इस्तंबूल शहरात टॉपकापी नावाचा जुना राजवाडा आहे, त्यात पाचू जडवलेला खंजीर आहे. राजवाडा आणि खंजीर दोन्ही खरे आहेत, आजही लोक पाहायला जातात. सिनेमात त्या दालनाची फरशी अशी की तिच्यावर जरा वजन पडलं की धोक्याची घंटा वाजते. म्हणून चोर छतावरून दोरीने उतरतो आणि जमिनीला पाय न लावता खंजीर काढतो. वर दोरी धरायला जो दणकट माणूस ठरलेला असतो, त्याचे हात आदल्या दिवशी दारात चेंगरतात. त्याच्या जागी घ्यावा लागतो एक घाबरट, उंचीची भीती असणारा जाडा माणूस. आपला जीव वर-खाली होतो तो त्याच्यामुळे. सगळं पार पडतं. फक्त उघड्या खिडकीतून एक चिमणीएवढं पाखरू आत शिरलेलं असतं. खिडकी बंद होते, पाखरू फरशीवर उतरतं आणि घंटा वाजते.

१९९९ च्या 'एन्ट्रॅपमेंट' मध्ये नायिका लाल किरणांच्या जाळ्यातून अंग वळवत जाते. त्याची तालीम ती लोकरीचे धागे ताणून, त्यांना घुंगरं बांधून करते. बघायला फार सुंदर. पण एक सांगून ठेवतो, खऱ्या संग्रहालयात असे लाल-हिरवे किरण दिसत नाहीत. ते डोळ्यांना न दिसणारेच असतात, नाहीतर उपयोग काय? सिनेमात रंग दिलेला असतो तो आपल्यासाठी. त्याच वर्षी आलेल्या 'द थॉमस क्राउन अफेअर' मध्ये एक गडगंज श्रीमंत माणूस संग्रहालयातून जगप्रसिद्ध चित्र उचलतो आणि चक्क हातातल्या बॅगेत दुमडून नेतो. जुना तैलरंग वाळून कडक झालेला असतो. त्याला दुमडणं म्हणजे वाळलेला पापड दुमडण्यासारखं. पण सिनेमात पापड मोडत नाही.

आता आपण चोराच्या बाजूला का जातो ते पाहू. या सिनेमांत ज्याचं जातं तो एकतर फार श्रीमंत असतो, नाहीतर एखादी मोठी संस्था असते, वस्तूचा विमा उतरवलेला असतो. कोणाच्या घरातली चूल विझत नाही. रक्त सांडत नाही. चोर हुशार, देखणा, कष्टाळू. महिना महिना तालीम करतो बिचारा! त्यामुळे आपल्या मनात चोरी राहत नाही, कसब उरतं. आम्हाला यात पाप वाटत नाही. डोंबाऱ्याचा खेळ बघतानाही आपला श्वास अडकतोच की.

फक्त एक गोष्ट हे सिनेमे हमखास गाळतात. चोरलेलं चित्र विकायचं कुणाला?

एखादं चित्र कोटी कोटी रुपयांचं असतं म्हणजे काय? कापड आणि रंग यांची किंमत थोडीच असते. किंमत असते ती हे चित्र अमक्या माणसाने स्वतःच्या हाताने काढलं आणि जगात ते एकच आहे याची. आज कुणाकडे आहे, त्याच्या आधी कुणाकडे होतं, त्याच्याही आधी कुणाकडे, ही साखळी कागदावर असते. आपल्या सातबाऱ्यावर फेरफार असतात ना, तसं. चोराच्या हातात चित्र येतं पण सातबारा येत नाही. वर ते इतकं ओळखीचं असतं की बाजारात नेलं तर पहिलाच व्यापारी पोलिसांना फोन लावेल.

जगातल्या सगळ्यात गाजलेल्या चित्रचोरीत नेमकं हेच झालं. २१ ऑगस्ट १९११, पॅरिसचं लूव्र संग्रहालय. सोमवार होता, त्या दिवशी संग्रहालय लोकांसाठी बंद असे. विंचेन्झो पेरुज्जिया नावाच्या इटालियन कामगाराने 'मोनालिसा' भिंतीवरून उतरवली आणि घेऊन गेला. दोरी नाही, किरण नाहीत, टोळी नाही. तो तिथे आधी काम करून गेलेला होता आणि चित्रांना काचेच्या पेट्या बसवण्याच्या कामात होता, त्यामुळे त्याला खिळा कुठे आहे ते माहीत. अंगात कामगारांचा पांढरा डगला, म्हणून कुणी हटकलं नाही. चित्र गेलं हे संग्रहालयाला दुसऱ्या दिवशी कळलं. पुढे लोक रांगा लावून ती रिकामी जागा बघायला येत! आणि मोनालिसा कुठे होती? त्याच शहरात त्याच्या खोलीतल्या ट्रंकेत, दोन वर्षं. अखेर डिसेंबर १९१३ मध्ये त्याने इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्याला ती देऊ केली आणि पकडला गेला.

मेक्सिकोतली गोष्ट अशीच. १९८५ सालच्या नाताळच्या पहाटे राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयातून शंभराहून जास्त प्राचीन वस्तू गेल्या. त्यात एका जुन्या राजाचा हिरव्या जेड दगडाचा मुखवटाही होता. सगळ्यांना वाटलं आंतरराष्ट्रीय टोळी असणार. निघाले दोन विद्यार्थी. धोक्याची घंटा बिघडलेली होती आणि सणाच्या रात्री पहारा सैल होता. वस्तू गेल्या त्या एका कपाटात. १९८९ मध्ये त्यातल्या बहुतेक सापडल्या. यावर २०१८ साली 'म्युझिओ' नावाचा सिनेमा निघाला आणि आम्ही पाहिलेल्यांत हा सगळ्यात खरा वाटला. कारण त्यात चोरी लवकर उरकते आणि उरलेला सिनेमा हे दोघं ते ओझं घेऊन वणवण फिरतात त्याचा आहे. व्यापारी त्यांना तोंडावर सांगतो, हे कोणीही घेणार नाही.

तुम्ही म्हणाल, एखादा गुपचूप शौकीन असेल की, जो तळघरात एकटाच बसून बघेल. ही समजूत पसरवायला सिनेमाच कारण आहे. १९६१ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतून गोया या चित्रकाराचं एका सरदाराचं चित्र चोरीला गेलं. पुढच्याच वर्षी जेम्स बाँडचा पहिला सिनेमा आला, 'डॉक्टर नो'. त्यात खलनायकाच्या महालात तेच चित्र ठेवलेलं दाखवलं. लोक हसले, पण कल्पना डोक्यात बसली. खरं चित्र कुठे होतं? इंग्लंडमधल्या केम्प्टन बंटन नावाच्या निवृत्त बसचालकाकडे. तेव्हा टीव्ही बघायला सरकारी परवान्याचे पैसे भरावे लागत. गरीब म्हाताऱ्या माणसांना ते माफ व्हावेत यासाठी त्याची खटपट चालली होती आणि चित्राच्या बदल्यात त्याने त्यासाठीच पैसे मागितले. चार वर्षांनी त्याने चित्र परत केलं. न्यायालयाने चित्राच्या चोरीतून त्याला सोडलं आणि फक्त चौकटीच्या चोरीसाठी तीन महिने दिले, कारण चौकट काही परत आली नव्हती! यावरही सिनेमा आहे, 'द ड्यूक'. त्यात नवरा जगाचं भलं करायला निघालेला आणि बायको दुसऱ्यांच्या घरची धुणी-पुसणी करून घर चालवते. हेलन मिरेनने ती बायको अशी केली आहे की आमच्यातल्या दोघी-तिघींना आपल्याच आया आठवल्या.

आता एक गोष्ट जी कुठल्याही हसऱ्या सिनेमात बसणार नाही. ऑक्टोबर २०१२, हॉलंडमधलं रॉटरडॅम शहर. तीन मिनिटांच्या आत चोर सात चित्रं घेऊन पळाले. त्यांत पिकासोचं होतं, मोने, मातिस, गोगँ यांची होती. चोर रोमानिया देशातल्या खेड्यातली तरुण पोरं. गिऱ्हाईक मिळेना म्हणून चित्रं एकाच्या आईच्या गावी नेली. मग पोराला पोलिसांनी धरलं. आईने काय केलं असेल? तिने पोलिसांना सांगितलं की पुरावा राहू नये म्हणून मी ती सगळी घरच्या चुलीत जाळली. पुढे न्यायालयात तिने शब्द फिरवला, जाळली नाहीत म्हणाली. पण चुलीतली राख तपासणाऱ्यांना तीत जुने खिळे आणि रंगांचे अंश मिळाले. ती चित्रं आजवर सापडलेली नाहीत. आम्ही त्या बाईला शहाणपण शिकवायला बसलो नाही. पोराला वाचवायला आई काय काय चुलीत घालेल, हे आपल्याला ठाऊक आहे. पण वर्षानुवर्षं जपलेली चित्रं, ज्यांची काडीइतकी किंमत त्या घराला मिळाली नाही, ती अशी गेली असावीत हे वाचून जेवण गोड लागलं नाही.

खऱ्या चोरीला कसब लागत नाही, ढिलाई लागते, हेही या वाचनातून दिसलं. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये इझाबेला स्टुअर्ट गार्डनर नावाच्या बाईने स्वतःच्या आवडीने एक संग्रहालय उभं केलं होतं. मृत्युपत्रात लिहून ठेवलं की मी लावलेली मांडणी बदलायची नाही. १८ मार्च १९९० च्या रात्री पोलिसांच्या वेशात दोघं आले, पहारेकऱ्याने दार उघडलं, त्यांनी पहारेकऱ्यांना बांधून घातलं आणि ८१ मिनिटांत १३ वस्तू नेल्या. एक कोटी डॉलरचं बक्षीस जाहीर आहे, तरी एकही वस्तू परत आलेली नाही. बाईची अट पाळून रिकाम्या चौकटी अजून तिथेच भिंतीवर टांगलेल्या आहेत. आणि अगदी अलीकडे, १९ ऑक्टोबर २०२५ ला, पुन्हा पॅरिसच्या लूव्रमधून राजघराण्याचे दागिने गेले. भर सकाळी, संग्रहालय उघडं असताना. घरसामान वर चढवायची शिडी असलेली गाडी रस्त्यावर लावली, अंगात कामगारांची जाकिटं, खिडकी कापली आणि आठेक मिनिटांत पसार. पळताना एक मुकुट खाली पडला. पुन्हा तोच कामगाराचा वेश, पाहिलंत?

दागिन्यांची गोष्ट मात्र चित्रांहून वेगळी आणि जास्त वाईट. चित्र वितळत नाही, सोनं वितळतं. याचं उदाहरण शोधायला पॅरिसला जायला नको. रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगर आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये तिथे एका बाईच्या सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली, तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा. वजन सव्वा किलोहून जास्त. गावाचं रूप पालटलं. दर्शनाला गर्दी, घरगुती खाणावळी, राहायच्या खोल्या, उकडीच्या मोदकांची मागणी, म्हणजे बायकांच्या हाताला काम. मार्च २०१२ मध्ये देवळावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा जीव घेतला आणि मुखवटा नेला. आरोपी सापडले, २०१७ मध्ये न्यायालयाने जन्मठेपा दिल्या. पण मुखवटा तोपर्यंत वितळवून लगडी केलेल्या होत्या. हाती आलेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवून नोव्हेंबर २०२१ मध्ये बसवला. सोनं आलं, जुन्या कारागिराचा हात गेला. आणि ती दोन माणसं. सिनेमात पहारेकरी नेहमी झोपाळू आणि विनोदी असतो. आपल्याकडे तो कुणाचा तरी नवरा असतो, महिन्याचे थोडेसे पैसे घेऊन देवळात रात्र काढणारा.

आता चोरांना खरोखर पैसा कुठे मिळतो? ज्या वस्तूची कुठेच नोंद नाही तिथे. पुस्तकात छापलेली मोनालिसा विकता येत नाही. पण आडगावच्या देवळातली पाचशे वर्षांची मूर्ती, जिचा एकही फोटो नाही, तिला खोटा सातबारा जोडता येतो.

तामिळनाडूत अरियालूर जिल्ह्यात श्रीपुरंतन नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या शिवमंदिरात चोल राजांच्या काळातली नटराजाची कांस्यमूर्ती होती. देऊळ वापरातून गेलेलं, दाराला कुलूप. मूर्ती चोरीला गेली, समुद्रापार गेली आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने ती न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडून पन्नास लाख डॉलरना विकत घेतली. व्यापाऱ्याने कागद दिले होते, मूर्ती कित्येक वर्षांपूर्वीच भारताबाहेर आलेली आहे असे. कागद खोटे होते. हे सिद्ध कशाने झालं? फोटोंनी. पाँडिचेरीत फ्रेंच संस्थेचं एक अभ्यासकेंद्र आहे. त्यांच्या माणसांनी दक्षिणेतल्या देवळांत फिरून मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. १९९० नंतरच्या फोटोत ही मूर्ती श्रीपुरंतनच्या देवळातच होती, मग ती त्याआधी परदेशात कशी असेल? अंगावरच्या खुणा जुळल्या आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत येऊन मूर्ती आपल्या पंतप्रधानांच्या हाती दिली.

म्हणजे पन्नास लाख डॉलरची मूर्ती परत आली ती कुणीतरी वेळेवर काढलेल्या फोटोमुळे. हे काम करायला आता फ्रेंच माणसाची वाट बघायला नको, मोबाइल प्रत्येक गटात आहे. कसं करायचं ते सांगतो.

गावातल्या देवळांत, वेशीवरच्या ठाण्यांत, शेतातल्या वीरगळापाशी जा. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचा कोरीव दगड, आपल्याकडे कित्येक ठिकाणी बांधावर पडून असतात, त्यांवर कपडे वाळतात. गुरवांना, विश्वस्तांना, सरपंचबाईंना आधी सांगा, सोबत न्या. मूर्तीवरचा शेंदूर, कपडे, हार यांमुळे खालचं काही दिसत नाही, म्हणून अभिषेकाच्या वेळी फोटो घ्यायची परवानगी मागा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी घ्या. मग जवळून घ्यायचे ते दोषांचे. तुटलेलं बोट, टवका, डाग, कोरलेलं नाव. मूर्ती ओळखायची ती दोषावरून. देखणेपण सगळ्याच मूर्तींत सारखं असतं, पण डाव्या कानाचा टवका एकीलाच असतो. पितळी समया, घंटा, पालखीवरचे मुखवटे, घरातले जुने टाक यांचंही असंच करा. वहीत लिहा, वस्तू काय, कशाची, उंची किती, वजन माहीत असेल तर किती, कुठे असते, म्हाताऱ्या माणसांना तिच्याबद्दल काय ठाऊक आहे. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक देवळाच्या दप्तरात, एक गटाच्या पेटीत. हे फोटो गावच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. कुलूप कसलं आणि मुखवटा किती तोळ्यांचा, हे जगाला सांगायची गरज नाही.

कायद्याचं थोडं. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, चित्र, कोरीव वस्तू ही १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते. अशा ठरावीक वस्तूंची नोंदणी सरकारच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, तो कायदा १८७८ चा आहे. दिवेआगरच्या त्या वाडीसारखं नशीब कुणाचं उघडलं तर लक्षात असू द्या! आणि जुनी भांडी घेऊन नवं स्टील देणारा दारात आला, तर पितळेच्या ढिगात आजेसासूबाईंचा टाक किंवा जुनी दिवली जात नाही ना, एवढं बघा.

चोरी झालीच तर तक्रार देताना फोटो आणि वहीची प्रत सोबत जोडा. इंटरपोल म्हणजे देशोदेशीच्या पोलिसांची जी संघटना आहे, तिच्याकडे चोरीला गेलेल्या कलावस्तूंची यादी असते. त्यात पन्नास हजारांहून जास्त वस्तू आहेत. मोबाइलवर आयडी-आर्ट नावाचं तिचं फुकट ॲप आहे, त्यात कुणालाही ती यादी पाहता येते. यादीत वस्तू घालतात ते पोलीस, आणि त्यांना त्यासाठी लागतो तो चांगला फोटो आणि माप.

मापासाठी मूर्तीशेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो घ्या. मोजपट्टी नसली तर काडेपेटी ठेवली तरी चालेल, तिच्यावरून मूर्तीच्या आकाराचा अंदाज कुणालाही येतो.